आजारपणाचा किंवा अपंगत्वाचा भत्ता चालू असताना अर्धवेळ स्वतःचं काम सुरू करून पाहायचं असेल तर

'काम केलं तर भत्ता जाईल का?' हा प्रश्न मी दोन वर्षं मनातच ठेवला होता. कार्यालयात विचारायची भीती वाटायची. विचारलं की 'हिला काम जमतंय' अशी नोंद होईल, मग तपासणी लागेल आणि हातातलंही जाईल, असं वाटायचं. संधिवाताने बोटांचे सांधे धरले होते. नोकरी सुटली होती, पण डोकं चालत होतं. घरबसल्या थोडं मुद्रितशोधन करता येईल असं दिसत होतं, तरी पाऊल उचलत नव्हते.

ती भीती अगदीच निराधार नव्हती. नियम न बघता काम सुरू केलेल्यांवर जास्त मिळालेल्या भत्त्याच्या वसुलीची वेळ येते आणि ती फार जड जाते. पण काम करून बघण्याची वाट बऱ्याच ठिकाणी नियमातच ठेवलेली असते, हेही खरं आहे. ती वाट कशी शोधायची आणि त्या वाटेवर तब्येत कशी सांभाळायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी बघा: तुमचा पैसा कशाबद्दल मिळतो?

आपण सगळ्याला सरसकट 'भत्ता' म्हणतो, पण त्यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि नियम त्या कारणावर ठरतो. मंजुरीचं पत्र काढा आणि त्यात कारण काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा.

पहिला प्रकार म्हणजे 'सध्या काम करता येत नाही' म्हणून मिळणारा पैसा. अल्पकाळाचा आजारपणाचा लाभ सहसा यात येतो आणि इथे सगळ्यात जपून राहायचं. भारताच्या कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) मधलं कलम ६३ याचं स्पष्ट उदाहरण होतं: ज्या दिवशी तुम्ही काम करता त्या दिवसाचा आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळत नसे. पुढचं कलम ६४ सांगत असे की लाभ घेणाऱ्याने उपचाराखाली राहायचं आणि बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही. म्हणजे दोन तास दुकान सांभाळलं, तरी तो दिवस गेला. अशा लाभावर असाल तर काम सुरू करण्याची ही वेळ नव्हे. तोपर्यंत तयारी करा, शिका. त्याच कायद्यातला कायमच्या अपंगत्वाचा लाभ मात्र कमावण्याची ताकद कायमची घटल्याची भरपाई म्हणून दिला जात असे. काम केल्याने तो थांबत नसे. कायदा एकच आणि नावंही सारखी, पण नियम उलटे. म्हणून पत्र वाचायचं.

दुसरा प्रकार उत्पन्न कमी आहे म्हणून मिळणाऱ्या पैशाचा. इथे कमाई झाली की भत्ता कमी होतो, पण बहुधा एकदम शून्य होत नाही. अमेरिकेतल्या सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कमचं गणित बघा. दुसरं काही उत्पन्न नसेल तर महिन्याच्या कमाईतले पहिले ८५ डॉलर सोडून देतात आणि उरलेल्याचा अर्धा भाग मोजतात. ३८५ डॉलर कमावले तर ८५ गेले, राहिले ३००, त्याचे निम्मे १५०. भत्ता १५० ने कमी होतो आणि २३५ डॉलर पदरात पडतात. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ज्यांची कामाची क्षमता मर्यादित मानली आहे त्यांची ठरावीक रकमेपर्यंतची कमाई सोडून देतात आणि त्यापुढे दर पौंडामागे ५५ पेन्स कापतात. तुमच्या भत्त्याचं असं गणित कागदावर मांडून बघा. 'सगळंच जाईल' ही धास्ती बरेचदा तिथेच अर्धी होते.

तिसरा प्रकार अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठीचा. ब्रिटनचं पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या प्रकारात येतं. त्यात उत्पन्न बघतच नाहीत. तुम्हाला चालणं, आंघोळ, जेवण बनवणं अशा गोष्टी कितपत जमतात ते बघतात. मात्र कामात तुम्ही काय काय करता हे त्यासंदर्भात विचारलं जाऊ शकतं. दिवसभर उभं राहून करायचं काम घेतलं आणि अर्जात 'दहा मिनिटंही उभं राहवत नाही' असं लिहिलेलं असेल, तर प्रश्न येणारच.

खाजगी विम्याचा पैसा असेल तर पॉलिसीतली 'अपंगत्व' या शब्दाची व्याख्या शोधा. काही पॉलिसींमध्ये 'स्वतःचं नेहमीचं काम करता येत नाही' एवढं पुरतं, काहींमध्ये 'कुठलंही काम करता येत नाही' अशी अट असते. काहींमध्ये तर पहिली दोन-एक वर्षं एक व्याख्या आणि नंतर दुसरी.

अनेकांना यातले दोन-तीन प्रकार एकत्र मिळत असतात, शिवाय त्यांच्या जोरावर घरभाड्यात किंवा औषधोपचारात सवलत असते. मूळ भत्त्यापेक्षा ही जोडलेली सवलत कधी कधी मोठी असते, म्हणून प्रत्येकीची चौकशी वेगळी करा.

मग विचारा, पण लेखी

फोनवर मला तीन वेळा तीन उत्तरं मिळाली होती. तिन्ही माणसं सौजन्याने बोलली, पण पुढे उपयोगी पडलं ते चौथ्या वेळी आलेलं पत्रच. अर्ज किंवा ईमेल करा, पोचपावती घ्या. फोनवर बोलणं झालंच, तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि सांगितलेलं लिहून ठेवा.

विचारायचे प्रश्न असे:

- काम सुरू करण्याआधी परवानगी लागते, की सुरू केल्यावर ठरावीक दिवसांत कळवायचं असतं?
- मर्यादा तासांची आहे, पैशांची आहे, की दोन्हींची? ती आठवड्याला मोजतात, महिन्याला, की सरासरीने?
- कमाई म्हणजे आलेली सगळी रक्कम, की खर्च वजा जाता उरलेली? कोणते खर्च मान्य आहेत?
- काम केलं तो महिना धरतात, की पैसे जमा झाले तो?
- ज्या तासांचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे हिशोब, ग्राहक शोधणं, सामान आणणं, ते तास मोजतात का?
- काम सुरू केल्यामुळे वैद्यकीय पुनर्तपासणी लागते का?
- काम जमलं नाही आणि सोडावं लागलं, तर भत्ता पूर्ववत कसा होतो? किती काळापर्यंत?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. परतीचा रस्ता माहीत असला की माणूस मोकळेपणाने प्रयत्न करतो. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी अपंगत्व विम्यात काम करून बघण्याचे नऊ महिने दिलेले आहेत. ते सलग नसले तरी चालतं, फिरत्या ६० महिन्यांच्या, म्हणजे कुठल्याही सलग पाच वर्षांच्या, आत मोजले जातात, आणि त्या महिन्यांत कमाई कितीही झाली तरी भत्ता पूर्ण मिळतो. नियमाप्रमाणे काम कळवायचं आणि अपंगत्व कायम असायचं, एवढी अट. पुढे कमाईमुळे भत्ता बंद झाला आणि त्याच आजाराने पुन्हा काम सुटलं, तर पाच वर्षांच्या आत नव्या अर्जाशिवाय तो परत सुरू करण्याची विनंती करता येते. ब्रिटनमध्ये एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स (आजार किंवा अपंगत्वामुळे काम करणं अवघड झालेल्यांचा भत्ता) घेणाऱ्याला आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी आणि ठरलेल्या रकमेपर्यंत काम करता येतं. तिथे फॉर्म भरून कळवायचं असतं. रक्कम दरवर्षी बदलते, त्यामुळे कुठल्याही देशात असा आकडा मागच्या वर्षीच्या कागदावरून धरू नका.

अमेरिकेच्या नियमातली एक बारीक गोष्ट स्वतःचं काम करणाऱ्यांनी मुद्दाम बघावी. महिन्यात ८० तासांपेक्षा जास्त वेळ धंद्यात घातला, तर हाती काहीच आलं नसलं तरी तो महिना त्या नऊपैकी एक म्हणून धरला जातो. नोकरीत पगार बघून भागतं. स्वतःच्या धंद्यात पैसा नंतर येतो आणि वेळ आधी जातो, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

धंद्याच्या आधी सहा आठवडे वही

पहिल्या ग्राहकाआधी निदान सहा आठवडे रोज तीन ओळी लिहा: आज किती वेळ एकाग्र बसता आलं, कशाने थांबावं लागलं, दुसऱ्या दिवशी त्याची काय किंमत मोजावी लागली. काम म्हणून काही करू नका. वाचन, पत्र लिहिणं, कपाट लावणं यावरूनही अंदाज येतो.

माझ्या वहीत सगळ्यात चांगल्या आठवड्यात नऊ तास भरले आणि सगळ्यात वाईट आठवड्यात दोन. मन नऊकडे धावतं. सरासरी काढून पाच-सहा तासांचं काम घ्यावं असंही वाटतं. मी वाईट आठवड्याकडे लक्ष दिलं नाही आणि सरासरी धरूनच काम घेतलं. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा शब्द मोडला, एक ग्राहक गेला आणि तब्येतही खालावली. आता शब्द देते तो वाईट आठवड्याचा हिशोब धरून. चांगला आठवडा निघालाच, तर पुढचं काम आधी करून ठेवते, नवीन घेत नाही. माझ्या अनुभवातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

कामाची निवड

कुठलं काम करावं ते तुमचं कौशल्य ठरवेल. मी फक्त चार कसोट्या सांगते. काम मध्येच थांबवून तीन दिवसांनी पुढे नेता येतं का? आडवं पडून किंवा बसून होतं का? मुदत तुमच्या हातात आहे का? आणि तुमच्या जागी एखाद-दुसऱ्या वेळी दुसरं कुणी ते पुरं करू शकेल का? सणासुदीच्या ऑर्डरी, समारंभाचं काम, शिकवणीची ठरलेली वेळ, यांत पैसा बरा असतो, पण तारीख हलत नाही. चढउतार असलेल्या आजारात हलणारी मुदत ही दोन पैसे जास्त मिळण्यापेक्षा मोलाची.

सामान भरायला, यंत्र घ्यायला कर्ज काढू नका, निदान प्रयोगाच्या काळात तरी नाही. आहे त्यात सुरुवात करा. बचतीवर मर्यादा असलेला भत्ता असेल, तर धंद्याच्या खात्यातली शिल्लक त्यात मोजतात का तेही विचारून घ्या.

पहिलं काम: जवळून बघा

माझं पहिलं काम बारा पानांचं होतं. अंदाज दोन तासांचा, आणि तेवढ्याचंच बिल ठरलं. वहीतली नोंद जशीच्या तशी देते.

मंगळवार. मेल आली, फाइल उघडेना, पुन्हा मागवली: ३५ मिनिटं. पानं १ ते ५: ५० मिनिटं. बोटं आखडली, गरम पाण्यात हात: २० मिनिटं. पानं ६ ते ९: ४५ मिनिटं. पडून: दीड तास.

बुधवार. पानं १० ते १२: ३५ मिनिटं. सगळं पुन्हा एकदा वाचलं: ४० मिनिटं. बिल केलं, पाठवलं: २५ मिनिटं.

गुरुवार. सकाळी मूठ वळेना. स्वयंपाक जमला नाही.

शुक्रवार. तसंच. संध्याकाळी थोडं बरं.

पानांवरचं काम दोन तास दहा मिनिटांत झालं होतं, म्हणजे अंदाज फारसा चुकला नव्हता. पण मेल, पुनर्वाचन आणि बिल धरून काम तीन तास पन्नास मिनिटांचं झालं. मधली विश्रांती धरली तर पाच तास चाळीस मिनिटं. आणि वर दोन दिवस हात निकामी. ही नोंद मला दोनदा कामाला आली. एकदा दर ठरवताना: दोन तासांचा भाव लावून मी चार तास राबत होते हे दिसलं. दुसऱ्यांदा पुनर्तपासणीत, त्याबद्दल पुढे लिहिते.

भत्त्याच्या कार्यालयाला तास कळवताना प्रत्यक्ष कामाचे सगळे तास कळवा, बिलातले नव्हे. विश्रांतीचा वेळ वेगळा लिहा. तो कामात धरायचा की नाही हे त्यांच्या नियमावर सोडा.

पैशांचा हिशोब

धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. एवढ्या एका गोष्टीने अर्धी कटकट मिटते. आलेला प्रत्येक पैसा त्यातच येऊ द्या, खर्चही त्यातूनच करा, आणि पावत्या महिन्याच्या पाकिटात घाला.

जिथे निव्वळ कमाई धरतात, तिथे खर्चाची नोंद म्हणजे थेट तुमचा भत्ता. नेहमीचे खर्च सगळ्यांना सुचतात. अपंगत्वामुळे कामासाठी करावे लागणारे खर्च मात्र राहून जातात: खास खुर्ची, बोलून टंकलेखन करणारं सॉफ्टवेअर, कामासाठी लागणारा मदतनीस. अमेरिकेच्या अपंगत्व विम्यात असे खर्च अटी पाळून वजा होतात. एवढंच नव्हे, तर घरच्यांनी धंद्यात फुकट केलेल्या मदतीची बाजारभावाने किंमतही तुमच्या कमाईतून वजा करतात, कारण ती कमाई तुमच्या ताकदीची नसते. हे वाचलं तेव्हा मला पटकन घरातलं आठवलं. माझी पार्सलं बांधायची, फायली उतरवून द्यायची, हे सगळं घरचं माणूस करत होतं आणि मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. नियम तुमच्याकडे असो वा नसो, कुणी कशात किती वेळ मदत केली ते लिहा. 'तुम्ही एकट्याने हे करू शकता का?' या प्रश्नाचं उत्तर त्यात असतं.

पैसे येण्याच्या तारखेकडेही लक्ष हवं. एका ग्राहकाने माझी तीन महिन्यांची बिलं एकाच महिन्यात भरली, आणि कागदावर त्या महिन्याची कमाई मर्यादेबाहेर गेली. सरासरीचा नियम असल्यामुळे निभावलं, पण त्यासाठी प्रत्येक बिलाची तारीख दाखवावी लागली. उलटही होतं. सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कममध्ये स्वतःच्या धंद्याची वर्षाची निव्वळ कमाई बारा महिन्यांत सारखी वाटतात, मग धंदा वर्षाच्या शेवटी सुरू झालेला का असेना. म्हणजे ज्या महिन्यांत तुम्ही कामच केलं नव्हतं, त्या महिन्यांचा भत्ताही जास्त दिला गेला असं निघू शकतं. म्हणून आलेल्या पैशातला काही भाग निदान पहिलं वर्ष बाजूला ठेवा, खर्चू नका. वसुलीचं पत्र आलं तर तोच आधार.

करखात्याचं आणि भत्त्याच्या कार्यालयाचं गणित वेगळं असतं. एकीकडे कळवलं म्हणजे दुसरीकडे कळलं असं धरू नका. नफा कराच्या मर्यादेखाली असला तरी नोंदणी किंवा विवरणपत्र लागू शकतं.

ग्राहकाला काय सांगायचं

आजाराचं नाव सांगायची गरज नाही. मुदत मात्र खरी सांगा. 'मी अर्धवेळ काम करते, बारा पानांना सहा दिवस लागतील' एवढं पुरतं. मी प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेच्या अडीचपट मुदत मागते आणि कुणाला फारसं खटकलेलं नाही. घाई असणारा ग्राहक पहिल्याच मेलमध्ये ओळखू येतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. अ‍ॅडव्हान्स थोडाच घ्या. मध्येच आजारी पडलात तर परत करण्याएवढाच.

पुनर्तपासणीला जाताना

पुष्कळ जण इथे काम लपवतात किंवा कमी करून सांगतात. कृपा करून तसं करू नका. नुसतं 'हो, करते थोडं काम' म्हणणंही धोक्याचं, कारण समोरच्याच्या कागदावर 'काम करते' एवढेच दोन शब्द उतरतात. सविस्तर सांगा: आठवड्याला किती तास, किती तुकड्यांत, मध्ये किती विश्रांती, नंतर काय होतं, कुणाची मदत लागते. मी वहीची ती पानं छायाप्रत काढून नेली होती. मूठ न वळलेला गुरुवार तारखेसह तिथे होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ती पानं स्वतःहून मागून घेतली आणि फाइलला लावली.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही काम सुरू करण्याआधी सांगा. 'मर्यादित वेळ काम करून बघण्यास हरकत नाही' असं त्यांच्याकडून लिहून मिळालं तर उत्तम. तेच डॉक्टर पुढे 'पूर्णवेळ जमणार नाही' असंही लिहू शकतात, आणि दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असतात.

प्रयोगाला शेवटची तारीख द्या

सुरुवात करतानाच कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा. त्या दिवशी वही उघडून बघायचं: भत्त्यातली कपात धरून हाती खरोखर किती जास्त आलं, औषधं वाढली का, आधी जमणारी घरातली कामं आता सुटली का. पैसे थोडे आले पण झोप, भूक आणि माणसांशी बोलणं सुधारलं, तर तो प्रयोग चालू ठेवण्यासारखा असू शकतो. पैसे बरे आले पण दर आठवड्याचे तीन दिवस अंथरुणात जात असतील, तर काम कमी करायची वेळ आली आहे.

तारखेआधीच थांबावं लागलं तर हातातलं काम परत द्या, राहिलेली बिलं पाठवा आणि त्याच आठवड्यात कार्यालयाला लेखी कळवा: अमुक तारखेपासून काम बंद, अमुक रक्कम अजून यायची आहे, बंद करण्याचं कारण अमुक. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडा, कारण भत्ता पूर्ववत मागताना पहिला प्रश्न 'काम का सोडलं' हाच असतो. नंतर जमा होणारे पैसे आले की तेही कळवा. वही, पावत्या आणि पत्रव्यवहार निदान काही वर्षं जपून ठेवा. मागच्या काळाची चौकशी उशिरानेही येते.

मी दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्याच वहीत थांबल्याची तारीख लिहिली, आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा पुढच्या पानापासूनच केली, आठवड्याला दोन तासांची.